शाळेच्या खेळाडूंमागे उभं राहणारं सेवा मंडळ: नागपुरात हे काम वर्षभर कसं चालवावं

वस्तीतल्या मंडळानं शाळकरी खेळाडूंसाठी काही करायचं ठरवलं, की पहिली यादी बनते ती सत्काराची: हॉल, माईक, शाल, श्रीफळ, ट्रॉफ्या. हा कार्यक्रम होतो जून-जुलैत. खेळाडूला पैसा लागतो तो त्यानंतर, आणि अगदी साध्या गोष्टींना. पारडीच्या शाळेतून मानकापूरच्या क्रीडा संकुलापर्यंत जाण्यायेण्याचं भाडं, मापाचे स्पाइक (खिळ्यांचे धावण्याचे बूट), सरावानंतरचे मूठभर चणे, जन्मतारखेच्या कागदावरची एक दुरुस्ती. यातलं एक जरी अडलं तरी चांगली धावणारी मुलगी स्पर्धेच्या दिवशी घरी असते. मंडळाचा पैसा आणि माणसं या चार गोष्टींपर्यंत वेळेवर पोहोचवणं हेच खरं काम आहे. पुढची सगळी माहिती त्यासाठीच.

एक शाळा, एक खेळ, वीस मुलं

पहिल्या वर्षी एकच शाळा घ्या. मनपाची किंवा अनुदानित घ्या, कारण गरज तिथेच जास्त असते. खेळ अ‍ॅथलेटिक्स ठेवा. त्यात संघ जमवावा लागत नाही, एकटं मूलही पुढे जातं, आणि साहित्य थोडं लागतं. सातवी ते दहावीतली वीस मुलं पुरेत, त्यांत निम्म्या मुली हव्यात. नववीत गेल्यावर मुलींचा सराव बंद होण्याचं प्रमाण मोठं असतं, म्हणून मुलींची नावं पहिल्या दिवसापासून ठरवून घ्यावी लागतात. आपोआप येतील अशी वाट बघितली तर गट मुलांचाच होतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की समजून घ्या: शालेय स्पर्धेत मंडळाला थेट नाव देता येत नाही. प्रवेशिका शाळेच्या नावानं, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानं जाते. त्यामुळे मुख्याध्यापक आणि पीटी सर किंवा मॅडम यांना सोडून केलेलं काम मैदानावरच राहतं, स्पर्धेपर्यंत जात नाही. विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्यानंतर लगेच भेटायला जा आणि कोण काय करणार ते एका पानावर लिहून घ्या. सराव किती वाजता, किल्ली कोणाकडे, मूल पडलं तर दवाखान्यात कोण नेणार, प्रवास खर्च कोणाचा, प्रवेशिका भरण्याची तारीख कोण लक्षात ठेवणार. खाली दोघांच्या सह्या. शाळेला समग्र शिक्षा योजनेतून क्रीडा साहित्यासाठी अनुदान येत असेल, तर ते कशावर खर्च होतंय हेही विचारा. सरकारी शाळांसाठी ही रक्कम प्राथमिकला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार आणि माध्यमिकला २५ हजारांपर्यंत असते. त्यातून गोळा-थाळी येणार असेल तर तुमचा पैसा बुटांकडे वळवता येतो.

स्पर्धेच्या दोन वाटा

पहिली वाट शालेय. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या या स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. नागपूर शहरातल्या शाळा मनपा स्तरावर खेळतात, ग्रामीण भागातल्या शाळा आधी तालुका, मग जिल्हा. त्यापुढे विभाग, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली. मग राज्य आणि राष्ट्रीय. मूल राहतं कुठे यापेक्षा शाळा कुठल्या हद्दीत आहे हे महत्त्वाचं: शहरातल्या दाभ्यात राहणारा मुलगा हद्दीबाहेरच्या वाडीच्या शाळेत असेल तर तो ग्रामीणमधून खेळतो.

दुसरी वाट अ‍ॅथलेटिक्स संघटनेची. तिथले गट १४, १६, १८, २० असे असतात. राष्ट्रीय आंतरजिल्हा ज्युनियर स्पर्धेत १४ आणि १६ वर्षांखालील मुलं उतरतात. एकच मुलगी शाळेकडून १७ च्या गटात आणि संघटनेकडून १६ च्या गटात खेळू शकते. दोन्ही वाटांच्या तारखा एकाच फलकावर लिहून ठेवा. शाळेला दुसऱ्या वाटेची माहिती बहुधा नसते, आणि मंडळाचा खरा उपयोग इथे होतो.

कागद: सगळ्यात जास्त मुलं इथे गळतात

मैदानावर हरून जितकी मुलं बाहेर पडतात, त्याहून जास्त टेबलावर बाहेर पडतात, असं समजूनच तयारी करा. प्रत्येक मुलाची एक प्लास्टिक फाईल करा: जन्म प्रमाणपत्राची प्रत, आधारची प्रत, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, सहा फोटो, पालकांचं संमतीपत्र, रक्तगट आणि दोन मोबाईल नंबर. पालकांपैकी एकाचा फोन दिवसभर बंद असतो हे गृहीत धरा.

मग तीन कागदांवरचं नाव आणि जन्मतारीख एकमेकांशी ताडून बघा. आधारवर आडनाव आधी, रजिस्टरमध्ये शेवटी. एका ठिकाणी ‘वैष्णवी’, दुसरीकडे ‘वैश्नवी’. तारखेत दिवस आणि महिना उलटे. आधारची दुरुस्ती केंद्रावर होते. शाळेच्या रजिस्टरमधली जन्मतारीख मात्र मुख्याध्यापक आपल्या मनानं बदलू शकत नाहीत, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्याला आठवडे जातात. म्हणून ही तपासणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच उरका. प्रवेशिकेच्या शेवटच्या दिवशी चूक सापडली तर त्या वर्षाचा खेळ गेला.

वय लपवण्यासाठी कोणी पालक किंवा कोच कागद ‘करून’ द्यायला तयार असेल, तर मंडळानं तिथेच नाही म्हणावं. मूल पुढच्या पायरीवर अडकतं, आणि डाग शाळेवर आणि मुलावर राहतो.

मैदान आखणं

मानकापूरच्या विभागीय संकुलाचा सिंथेटिक ट्रॅक रोज मिळेल असं धरू नका. रोजचा सराव शाळेच्या किंवा वस्तीच्या मैदानावरच होतो, आणि तिथे २०० मीटरचा ट्रॅक आखता येतो. सहा लेनसाठी आखणी ९३ बाय ५३ मीटरमध्ये बसते. भोवती दोन-दोन मीटर मोकळी जागा धरा. झाड, खांब किंवा गोलपोस्ट त्या पट्ट्यात नको.

मधोमध ४० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका. या दोन केंद्रांपासून १८.९० मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं काढा आणि त्यांची टोकं सरळ रेषांनी जोडा. धावणारा रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेरून पळतो असं धरतात, म्हणून त्याची त्रिज्या १९.१० होते. दोन वळणांचे मिळून १२० मीटर, दोन सरळ बाजूंचे ८०. लेनची रुंदी १.२२ मीटर ठेवा. काटकोन बघायला ३०-४०-५० फुटांच्या त्रिकोणाची दोरी पुरते. मोजपट्टी स्टीलची घ्या. कापडी पट्टी ओलीनं आणि ताणानं वाढते, आणि नायलॉनच्या दोरीनं काढलेली वळणं तर एका बाजूला फुगतात.

पूर्ण एका फेरीच्या शर्यतीत प्रत्येक बाहेरच्या लेनला ७.६७ मीटर पुढून सुरुवात द्यायची. दुसरीला ७.६७, तिसरीला १५.३३, चौथीला २३, पाचवीला ३०.६६, सहावीला ३८.३३. ट्रॅक २०० चा असो की ४०० चा, पूर्ण फेरीचा हा फरक लेनच्या रुंदीवरच ठरतो. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या लेनला ७.०४ देतात. तो आकडा आतल्या कडेला उंच कठडा असलेल्या ट्रॅकचा आहे, फक्कीच्या रेषेच्या ट्रॅकला तो चालत नाही.

आखायला फक्की वापरा, कळीचा चुना नको. घामट पायांना आणि डोळ्यांना तो भाजतो. १०० मीटर सरळ पळवायचा मोह अशा मैदानावर टाळा. शेवटच्या रेषेपुढे थांबायला पंधरा-सतरा मीटर तरी लागतात, नाहीतर मुलं भिंतीच्या भीतीनं शेवटचे दहा मीटर आवरून धावतात आणि तीच सवय लागते. रोज ६० मीटर करा, १०० साठी महिन्यातून दोन रविवार संकुलात न्या.

नागपूरची काळी माती हा वेगळा विषय आहे. पावसात ती बुटाला किलोभर चिकटते, मेमध्ये तिला भेगा पडतात. टाच दाबल्यावर खोल ठसा उमटला आणि माती वर आली तर त्या दिवशी धावणं बंद, वर्गाच्या वऱ्हांड्यात व्यायाम घ्या. उन्हाळ्यात भेगा बुजवून मुरूम पसरून रोलर फिरवल्याशिवाय कोणालाही पळवू नका. घोटे याच भेगांत मुरगळतात.

बुटांची पेढी

मुलाला बूट भेट देण्यापेक्षा मंडळाची बुटांची पेढी करा. वाढत्या वयात पाय वर्षभरात एक माप सहज ओलांडतो, आणि भेट दिलेला जोड घरी पडून राहतो. वीस मुलांसाठी स्पाइकचे बारा जोड पुरतात, कारण सगळे एकाच वेळी पळत नाहीत. मापं ४ ते ८ घ्या, त्यातले ५, ६ आणि ७ जास्त. सीताबर्डीच्या दुकानात मुलांना घेऊनच जा, आणि संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडा फुगतो. साधा धावण्याचा बूट अंगठ्यापुढे बोटभर सैल हवा, स्पाइक मात्र घट्ट. ‘पुढच्या वर्षी पण चालेल’ म्हणून मोठा स्पाइक घेतला तर वळणावर पाय आत फिरतो आणि टाच सोलते.

खिळ्यांची लांबी ही दरवर्षीची गडबड आहे. मातीवर १२ मिलिमीटरचे खिळे चालतात. सिंथेटिकवर नियमाची मर्यादा ९ मिलिमीटर आहे, उंच उडी आणि भालाफेकीला १२. पुष्कळ ठिकाणी ट्रॅक जपायला त्याहूनही छोटे सांगतात. मुलं मातीचे खिळे लावून संकुलात पोहोचतात, गंजलेला खिळा चावीनं निघत नाही, आणि शर्यत अनवाणी पळावी लागते. तापलेल्या सिंथेटिकवर अनवाणी पळणं म्हणजे तळवे भाजून घेणं. उपाय सोपा आहे. महिन्यातून एकदा सगळे खिळे काढून आट्यांना थोडं ग्रीस लावा, ओल्या बुटात वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा, स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी खिळे बदला. दोन चाव्या आणि खिळ्यांचा एक जास्तीचा डबा पिशवीत कायम असू द्या.

फेकीचं साहित्य वयोगटाप्रमाणे घ्या. संघटनेच्या १८ वर्षांखालील गटात मुलांचा गोळा ५ किलो, मुलींचा ३. थाळी दीड किलो आणि १ किलो. भाला ७०० आणि ५०० ग्रॅम. शालेय स्पर्धेचं वजन त्या वर्षीच्या परिपत्रकातून घ्या. जड गोळ्यानं ‘ताकद वाढते’ म्हणून लहान मुलांना मोठ्यांचा गोळा देतात. त्यानं कोपर पडतं, तंत्र बिघडतं आणि खांदा दुखतो. रिलेची बॅटन २८ ते ३० सेंटिमीटर लांब आणि किमान ५० ग्रॅमची असते. पीव्हीसी पाइपचा तुकडा सरावाला छान चालतो, फक्त कडा घासून घ्या.

वेळ मोजायला तीन घड्याळं ठेवा आणि मधली वेळ घ्या. दोनच असतील तर जास्तीची वेळ धरा. आवाजावर नको, सुरुवातीचा झेंडा किंवा पिस्तुलाचा धूर दिसताच बटण दाबा. हातानं घेतलेली १०० मीटरची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा साधारण पाव सेकंद चांगली दिसते. पालकांना हे आधीच सांगून ठेवलं, की संकुलातला आकडा बघून मुलाला कोणी बोलत नाही.

खुराक आणि रक्त

एका मुलाला सरावानंतर कोरडे मोजून ५० ग्रॅम चणे. वीस मुलांना रोज एक किलो, महिन्याला पंचवीस किलोंच्या आसपास. रात्री भिजवायचे, सकाळी पाणी टाकून धुवायचे. एप्रिल-मेमध्ये रात्रभरात वास येतो, तेव्हा उशिरा भिजवा किंवा पाणी एकदा बदला. सोबत गूळ-शेंगदाणे, आणि घरी चालत असेल त्यांना उकडलेलं अंडं. अंडं कोणाला चालतं हे पालकांना विचारून नोंदवा, मुलांसमोर विचारू नका. सराव संपल्यावर अर्ध्या तासात पोटात गेलेलं चांगलं. सकाळच्या सरावाला उपाशी पोटी आणू नका, एक केळं पुरतं. तर्री-पोहे नंतर खुशाल खाऊ द्या. आधी खाल्ले तर तेल-तिखटानं पोट जड होतं आणि तिसऱ्या फेरीला मूल वाकून उभं राहतं.

वेळ न सुधारणारी, दोन फेऱ्यांत दमणारी मुलगी आळशी आहे असं ठरवण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. बारा वर्षांपुढच्या मुलीत ते १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत तपासणी होते, आणि शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी मुली टाकून देत नाहीत ना, हे मंडळातल्या ताईंनी बघावं. चण्यांवर लिंबू पिळा, त्या वेळी चहा देऊ नका. चहानं लोह अंगी लागत नाही.

प्रोटीनचे डबे, ‘ताकदीच्या’ पुड्या, जिममधल्या कोणीतरी दिलेलं इंजेक्शन यांपैकी काहीही मंडळाच्या पैशातून घेऊ नका. डब्यात काय आहे याची खात्री नसते, आणि उत्तेजक चाचणीत दोष खेळाडूचाच धरतात.

ऊन

एप्रिलपासून सराव सकाळी सहा ते साडेसात, त्यापुढे नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळा, अर्ध्या बाटलीत नको, आणि ते पाणी २४ तासांत संपवा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मूल बरळायला लागलं, दिशा चुकली किंवा बेशुद्ध पडलं तर तो उष्माघात समजा. आधी सावली आणि थंड पाणी अंगावर, मान, काखा आणि जांघेत बर्फ, आणि त्याच वेळी दुसऱ्यानं १०८ ला फोन. शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका.

मुलांची सुरक्षा

सरावाला आणि प्रवासात कायम दोन मोठी माणसं, मुली असतील तर त्यातली एक बाई. कोणीही एकटं मूल स्वतःच्या गाडीवर घरी सोडायचं नाही, कोच असला तरी नाही. मुलांशी संदेश पालकांच्या गटातूनच. मालिश मोठ्या माणसानं करायची नाही. पिशवीत सॅनिटरी पॅड आणि एक जास्तीची ट्रॅक पॅन्ट ठेवा. मुलांना १०९८ हा बाल मदतवाहिनीचा नंबर पाठ करून घ्या, आणि तक्रार आली तर मंडळाच्या बैठकीत ‘मिटवू’ नका. पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

पैसा आणि नोंदणी

सात सभासद असले की संस्था नोंदणी कायदा १८६० खाली संस्था आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली न्यास म्हणून नोंद होते. काम धर्मादाय आयुक्त कार्यालयात. नोंदणी होईपर्यंत वर्गणी गोळा करायची तर त्याच कायद्याच्या कलम ४१ क ची परवानगी घ्या. बँक खातं दोन सह्यांचं, पावती पुस्तक क्रमांकांचं, आणि दर महिन्याची जमा-खर्चाची प्रत शाळेच्या फलकावर. वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) आणि मॉइल या दोन्ही खाण कंपन्यांची मुख्यालयं नागपुरात आहेत, हिंगणा आणि बुटीबोरीत कारखाने आहेत. पण सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा पैसा घ्यायला सीएसआर-१ नोंदणी लागते. ती नसताना प्रस्ताव घेऊन जाणं म्हणजे फेरी वाया घालवणं.

शंभर रुपये कसे वाटावे, तर आमच्या मते असे: खुराक ३०, प्रशिक्षकाचं मानधन २५, बूट-साहित्य २०, प्रवास आणि प्रवेश शुल्क १५, औषधं आणि अपघात विमा ५, बक्षिसं ५. बक्षिसं पाचाच्या वर गेली की कुठेतरी चणे कमी होतात. प्रवासाचे पैसे मात्र जुलैतच वेगळे काढून ठेवा, कारण विभागीय स्पर्धेची तारीख चार दिवस आधी कळते आणि ती वर्गणी मागायची वेळ नसते.

अभ्यास

दहावीच्या मुलांचा खेळ पालक दिवाळीनंतर बंद करतात. त्याआधीच मंडळानं संध्याकाळी दीड तासाची अभ्यासिका सुरू केली असेल, गणित आणि विज्ञान शिकवणारे दोन जण असतील, स्पर्धेमुळे बुडालेल्या तासांच्या वह्या पूर्ण होत असतील, तर पालक थांबवत नाहीत. आठवीतल्या मुलांना एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा: कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या, सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. खेळाडूला दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात, कमाल २५. ते आपोआप लागत नाहीत, शाळेमार्फत मुदतीत प्रस्ताव जावा लागतो.

आणि प्रमाणपत्रं. मैदान सोडण्याआधीच प्रत्येक प्रमाणपत्रावरचं नाव, जन्मतारीख, प्रकार, क्रमांक आणि वर्ष वाचा, सही-शिक्का बघा. चूक तिथेच दुरुस्त होते. दोन वर्षांनी ते सही करणारे अधिकारी दुसऱ्या जिल्ह्यात असतात. मूळ प्रत पालकांकडे, स्कॅन मंडळाकडे. लॅमिनेशन करू नका, पडताळणीत कागद आणि शाई नीट बघता येत नाही. राज्याच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्याआधी क्रीडा खात्याच्या विभागीय कार्यालयात प्रमाणपत्र पडताळणी होते. त्यासाठी स्पर्धेची प्रवेशिका, निकालपत्रक आणि परिपत्रकाची प्रतही त्याच फाईलमध्ये लावून ठेवा.